दरखास्त न करणारा नागरिक

हक्क या संकल्पनेची सारी रचना प्रौढ माणसाला डोळ्यांसमोर ठेवून झालेली आहे. ज्याच्या जमिनीवर अतिक्रमण झाले तो मामलेदाराच्या कचेरीत दरखास्त देतो, ज्याचे वेतन अडले तो फिर्याद करतो, ज्याला राज्यकारभार पसंत नाही तो पाच वर्षांनी मतपेटीतून आपली नापसंती नोंदवितो. आणि यांपैकी काहीच साधले नाही, तर निदान चव्हाट्यावर उभे राहून गाऱ्हाणे सांगण्याची मुभा तरी त्याला असतेच. मुलाजवळ यांतले काहीही नसते. त्याला मत नाही, स्वतःची मिळकत नाही, वकीलपत्रावर सही करण्याची कायदेशीर पात्रता नाही. आणि ज्यांच्याविरुद्ध त्याने दाद मागावी अशी वेळ येते, ती माणसे पुष्कळदा त्याला दोन वेळचे अन्न देणारीच असतात. दहा दिवसांच्या अर्भकाचा जगण्याचा हक्क हिरावला गेला, तर त्याची तक्रार कोणत्याही दप्तरात दाखल होत नाही. होते ती फार तर मृत्यूची नोंद, आणि तीही होतेच असे नाही.

यास्तव बालहक्कांचा विचार करताना कोणता कायदा केव्हा संमत झाला, एवढे पाहून भागत नाही. हक्कदार जर चालत येऊ शकत नसेल, तर हक्कानेच त्याच्या दारापर्यंत चालत गेले पाहिजे. आणि तसे जाण्याची जबाबदारी कोणा एका माणसावर नावानिशी सोपविलेली असली पाहिजे. महाराष्ट्राने गेल्या दीडशे वर्षांत मुलांच्या हितासाठी जे जे केले, त्यात यश कोठे आले आणि अपयश कोठे पदरी पडले याचा शोध घेऊ लागले, म्हणजे पुन्हा पुन्हा याच कसोटीपाशी येऊन थांबावे लागते.

मुलांविषयीची आस्था प्रथम अवतरली ती दयेच्या रूपाने. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते फसविल्या गेलेल्या विधवांच्या पोटी येणाऱ्या जिवांना वाचविण्यासाठी. ही दया साधी नव्हे, तर समाजाचा रोष पत्करून केलेली होती. तथापि तिचा आधार दोन माणसांचे औदार्य हाच होता, राज्यसत्तेचे कर्तव्य हा नव्हता. राज्यसत्तेने या क्षेत्रात पाऊल टाकले ते मुंबईच्या गिरण्यांमुळे, आणि तेही किती संकोचाने! १८८१ च्या कारखाने अधिनियमाने सात वर्षांच्या आतील मुलांना कामास लावण्याची मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये असे ठरविले. दहा वर्षांनी, १८९१ मध्ये, ही किमान वयोमर्यादा नऊ वर्षांवर आली आणि कामाचे तास सातांवर. आठ वर्षांच्या पोराने नऊ तास यंत्रापाशी उभे राहणे कायद्याच्या दृष्टीने दहा वर्षेपर्यंत निर्दोष होते, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे आपण कोठून निघालो याचा अंदाज येतो.

शिक्षणाच्या बाबतीत पुढचे पाऊल पडले ते संस्थानांत. बडोद्याच्या सयाजीरावांनी प्रथम अमरेली भागात प्रयोग करून १९०६ मध्ये सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. त्या उदाहरणाने स्फूर्ती घेऊन गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात सहा ते दहा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणासाठी एक अतिशय सौम्य, स्थानिक संस्थांच्या मर्जीवर सोडलेले विधेयक मांडले. १९१२ च्या मार्चमध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. त्यानंतर पाच वर्षांनी, १९१७ मध्ये, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, आणि जो पालक मुलाला शाळेत धाडणार नाही त्याला दरमहा एक रुपया दंड ठेवला. या एका रुपयाचे महत्त्व मोठे आहे. तो मुलाकडून घ्यावयाचा नव्हता, बापाकडून घ्यावयाचा होता. म्हणजे मुलाचे शिक्षण ही बापाच्या इच्छेची बाब राहिली नाही, आणि शाळा काढणे ही दरबारच्या इच्छेचीही. हक्काला कर्तव्याची जोड अशी रोखठोक भाषेत मिळाली.

स्वतंत्र भारताच्या संविधानाने चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात, खाणीत वा धोक्याच्या कामात लावण्यास चोविसाव्या अनुच्छेदाने मनाई केली, आणि दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा यत्न राज्याने करावा असे पंचेचाळिसाव्या अनुच्छेदात लिहून ठेवले. दहा वर्षांची ती मुदत १९६० मध्ये संपली. प्रत्यक्षात शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला तो २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने, आणि त्याचा कायदा अंमलात आला १ एप्रिल २०१० रोजी. मधल्या काळात जगानेही आपली भाषा बदलली होती. राष्ट्रसंघाचा १९२४ चा जिनिव्हा जाहीरनामा मुलाला काय द्यावे हे सांगत होता; २० नोव्हेंबर १९८९ रोजी संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेली बालहक्क संहिता मुलाला काय मागता येते हे सांगू लागली. जगणे, विकास, संरक्षण आणि सहभाग असे या हक्कांचे स्थूलमानाने चार वर्ग करतात. भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी या संहितेला मान्यता दिली. मात्र बालमजुरीविषयीचे कलम एकदम नव्हे तर टप्प्याटप्प्याने अंमलात आणू, असे निवेदन सोबत जोडले. गरीब देशाची अडचण आणि गरीब देशाची सबब या दोन गोष्टी किती जवळजवळ वावरतात, याचे हे निवेदन म्हणजे एक बोलके उदाहरण होय.

परंतु संहिता, अनुच्छेद आणि अधिनियम यांच्या पलीकडे जाऊन मुलाच्या दारी पोहोचण्याची रीत ज्यांनी शोधली, त्यांत पहिला मान ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना दिला पाहिजे. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगरला बालशिक्षणाची दीक्षा घेतलेल्या ताराबाईंनी १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, आणि पुढे १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीच्या सान्निध्यात नेले. स्वतः तेराव्या वर्षी विवाह आणि पाठोपाठ वैधव्य सोसलेल्या अनुताई या कार्यात प्रारंभापासून त्यांच्या सहकारी होत्या. शाळा बांधली, घंटा वाजविली, तरी मुले येत नाहीत, असा अनुभव आल्यावर त्या काळातील बहुतेक शिक्षणाधिकाऱ्यांनी आदिवासी पालकांच्या अनास्थेवर ठपका ठेवून अहवाल मिटविला असता. या दोघींनी मुले का येत नाहीत याचा विचार केला. तीन वर्षांचे मूल दोन कोसांवरच्या बालवाडीत एकटे येणार नाही, हे उघड होते. म्हणून त्यांनी बालवाडीच पाड्यावर, घरापुढच्या अंगणात नेली, आणि तिचे नाव पडले अंगणवाडी. आठ-नऊ वर्षांचा मुलगा गुरे सोडून शाळेत बसणार नाही. म्हणून शिक्षकच गुरांमागे कुरणात गेला, आणि ती झाली कुरणशाळा. थोरली मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी उभी राहिली. शिक्षणसाहित्यही महागड्या आयात वस्तूंचे नव्हे; शंखशिंपले, बिया, पाने, खडे यांतूनच मोजणी आणि वर्गीकरण शिकविले जाई. बालशिक्षणतज्ज्ञ माँटेसोरीबाईंचे तत्त्व कायम ठेवून त्याचा संभार डहाणूच्या रानातून गोळा करणे, ही बुद्धिमत्तेची आणि नम्रतेची एकाच वेळी परीक्षा होती.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली, तेव्हा गावोगावच्या तिच्या केंद्राला अंगणवाडी हेच नाव मिळाले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, माता-पालकांचे आरोग्यशिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा एका छताखाली आणण्याची ही कल्पना जगातील मोठ्या योजनांपैकी एक ठरली. परंतु नाव उचलणे सोपे असते, वृत्ती उचलणे कठीण. कोसबाडची अंगणवाडी मुलाच्या अडचणीपासून सुरू होत असे. सरकारी अंगणवाडी पुष्कळदा नोंदवह्यांपासून सुरू होते. वजनाचा तक्ता, आहाराचा हिशेब, लसीकरणाची यादी, गरोदर स्त्रियांची नोंद असा भार एका तुटपुंज्या मानधनावरच्या सेविकेच्या खांद्यावर टाकावयाचा, आणि मग शाळापूर्व शिक्षण मागे पडले म्हणून तिलाच दोष द्यावयाचा, हा न्याय नव्हे.

अंगणवाडी तीन वर्षांच्या मुलापर्यंत पोहोचली. पण ज्याला अजून नावही ठेवलेले नाही त्याच्यापर्यंत कोण पोहोचणार? या प्रश्नाचे उत्तर गडचिरोलीने दिले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तेथे ‘सर्च’ ही संस्था स्थापिली, आणि गावकऱ्यांच्या आरोग्याचे प्रश्न गावातच बसून मोजण्यास प्रारंभ केला. बालमृत्यूंचे एक मोठे कारण न्युमोनिया आहे असे त्यांना आढळले; आणि न्युमोनिया ओळखण्याची सोपी खूण म्हणजे श्वासाची गती. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला साठ वा त्याहून अधिक, आणि वर्षाच्या आतील थोरल्या बाळाचा पन्नास वा अधिक असला, तर धोका समजावा. पण निरक्षर सुईणीने साठ कसे मोजावेत? त्यासाठी त्यांनी मण्यांचे एक साधे लाकडी श्वासगणक केले, ज्यात दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. मिनिट मोजण्यास वाळूचे घड्याळ. असे उपाय करूनही पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील मृत्यू मागे राहतच होते, आणि १९९३ ते १९९५ या काळातील मोजणीत तेथील नवजात मृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे ६२ इतका भरला.

त्या काळी नवजात अर्भकाच्या गंभीर आजारावर उपचार म्हणजे इस्पितळ, असा वैद्यकाचा दंडक होता. परंतु इस्पितळ दूर, वाहन नाही, आणि बाळंतिणीने घराबाहेर पडू नये ही रूढी. तेव्हा या दंडकाचा व्यवहारातील अर्थ असा होत होता की, ज्या मुलाला उपचारांची सर्वाधिक गरज, त्यालाच ते मिळू नयेत. बंग दांपत्याने ३९ गावांत गावचीच एक जेमतेम शिकलेली स्त्री निवडून तिला आरोग्यदूत म्हणून तयार केले. तिने जन्माच्या वेळी हजर राहावे, बाळाला तोलावे, ऊब द्यावी, पहिल्या तासापासून स्तनपान सुरू करवावे, श्वास अडल्यास तो सुरू करावा, पुढच्या चार आठवड्यांत ठरलेल्या दिवशी घरी जाऊन पाहावे, आणि जंतुसंसर्गाची ठरावीक लक्षणे दिसल्यास आईबापांच्या संमतीने प्रतिजैविकाचे इंजेक्शनही द्यावे. तीन वर्षांच्या अवधीत, शेजारच्या तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांच्या मानाने, या गावांतील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. जंतुसंसर्ग झालेल्या अर्भकांपैकी पूर्वी शंभरात सुमारे सतरा दगावत, ते प्रमाण तिनावर आले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून भारतभर आशा कार्यकर्ती नवजात बाळाच्या घरी जाऊन तपासणी करू लागली. प्रसूती इस्पितळात झाली असल्यास सहा भेटी, घरी झाली असल्यास सात, आणि त्या सर्व बेचाळीस दिवसांच्या आत, असा त्यामागचा नियम आहे. जगण्याचा हक्क म्हणून ज्याचा संहितेत मोठा उद्घोष होतो, त्याचे व्यावहारिक रूप म्हणजे या सहा-सात भेटी होत.

मोजणीचे महत्त्व येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. बंग दांपत्याच्याच पुढाकाराने २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल निघाला, आणि महाराष्ट्रातील प्रत्यक्ष बालमृत्यू सरकारी नोंदींहून कितीतरी अधिक आहेत असे त्याने दाखवून दिले. ज्या मृत्यूची नोंदच नाही त्याला उत्तरदायी कोण? नोंद ही प्रशासनाला कटकट वाटते, पण मुलाच्या बाबतीत तीच त्याची फिर्याद असते. २००५ मध्ये महाराष्ट्राने राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापिले, त्याच्या मागेही हाच विचार होता. सनदी अधिकारी व्ही. रमणी यांनी औरंगाबाद विभागात आधी केलेल्या कामातून ते उगवले, आणि गर्भधारणेपासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंतच्या हजार दिवसांवर त्याने भर दिला; कारण या काळात खुंटलेली उंची आणि बुद्धीची वाढ पुढे बहुतांशी भरून निघत नाही. रिकामी पदे भरणे, प्रत्येक मुलाचे वजन खरे लिहिणे, आणि वजन कमी दिसल्याबद्दल सेविकेला शिक्षा न करणे, अशा वरवर किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींचा त्यात मोठा वाटा होता. दोन वर्षांखालील मुलांतील खुरटेपणाचे प्रमाण २००५–०६ मध्ये ३९ टक्के होते, ते २०१२ च्या पाहणीत सुमारे २४ टक्क्यांपर्यंत उतरले.

परंतु येथेच समाधान मानता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पाच वर्षांखालील खुरट्या मुलांचे महाराष्ट्रातील प्रमाण २००५–०६ मधील ४६ टक्क्यांवरून २०१५–१६ मध्ये ३४ टक्क्यांवर आले, आणि २०१९–२१ मध्ये ते ३५ टक्के, म्हणजे जेथल्या तेथेच, राहिले. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली मुले तर चारांत एक होती. सहा महिन्यांपुढील मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरला, तर ते तीव्र कुपोषित समजावे आणि त्याला ग्राम बालविकास केंद्रात घेऊन दिवसातून अनेक वेळा विशेष आहार द्यावा, हे शास्त्र प्रत्येक सेविकेला ठाऊक आहे. पण केंद्रातून सुधारून घरी गेलेल्या मुलाची आई रोपणीच्या दिवसांत पहाटे रानात जाते, आणि मूल सहा वर्षांच्या बहिणीच्या हवाली होते. तेव्हा मोजपट्टीने दाखविलेला आजार हा आईच्या मजुरीचा, तिच्या स्वतःच्या अर्धपोटी गरोदरपणाचा आणि बऱ्याच वेळा तिच्या अकाली विवाहाचाही आजार असतो.

आपली सारी व्यवस्था मूल एका जागी राहते असे गृहीत धरून चालते. ऊसतोडीच्या हंगामात हे गृहीतकच कोसळते. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना आदी जिल्ह्यांतून लक्षावधी माणसे मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. मुले मोजलीच जात नाहीत. पाचटाच्या कोपीत राहणारे मूल गावच्या अंगणवाडीच्या पटावर असते आणि आहार घेत नाही. कारखान्याच्या गावच्या पटावर ते नसतेच. गावाकडच्या शाळेत ते हजेरीपटावरून पुसले जात नाही, आणि वर्गातही दिसत नाही. शिक्षणहक्काचा कायदा सांगतो की, दाखला नाही म्हणून कोणत्याही शाळेने प्रवेश रोखता कामा नये. परंतु अर्धे वर्ष सरताना फडावरून आलेल्या मुलाला शाळेच्या दारापर्यंत नेणार कोण, याचे उत्तर कायद्याच्या कलमात नसते. कारखान्याच्या परिसरात निघालेल्या साखरशाळा आणि गावातच मुलांना ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहे हे दोन्ही उपाय योग्य दिशेचे आहेत. त्यांतही वसतिगृहाची वाट अधिक शहाणपणाची दिसते, कारण तीत मुलाची शाळा तुटत नाही. मात्र वसतिगृह आईबाप निघण्यापूर्वी उघडावे लागते. ते निघून गेल्यावर मंजुरीचा कागद आला, तर मूल तोवर फडावर पोहोचलेले असते.

वयात आलेल्या मुलीचा प्रश्न याहूनही बिकट. तिला कोपीत नेणे असुरक्षित, गावी एकटी ठेवणे असुरक्षित, आणि लग्न लावून दिले तर नवा कोयता तयार होऊन उचलही मिळते. अशा तिहेरी पेचातून बालविवाह घडतो. केवळ अज्ञान वा रूढी म्हणून त्याची संभावना करणे हा शहरी आळस होय. २०१९–२१ च्या पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षांपूर्वी विवाह झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के होते. बीड जिल्ह्यात ते ४० टक्क्यांहूनही अधिक होते. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे वय चौदा ठरविले, १९७८ मध्ये ते अठरा झाले, २००६ मध्ये नवा बालविवाह प्रतिबंध कायदा झाला, आणि महाराष्ट्रात खेड्यापुरती ही जबाबदारी ग्रामसेवकावर आली. जबाबदारी नावानिशी ठरली हे चांगलेच झाले. परंतु ज्या गावात ग्रामसेवकाला उद्या पुन्हा घरपट्टी वसूल करावयाची आहे, तेथे त्याने मांडवात शिरून लग्न थांबवावे अशी अपेक्षा धरताना, त्याच्या पाठीशी तहसीलदार आणि पोलीस तितक्याच त्वरेने उभे राहतील याचीही हमी दिली पाहिजे.

मुलाच्या वतीने दुसऱ्याने दाद मागितली, तेव्हा न्यायासनानेही ती ऐकली आहे. तुरुंगांत खितपत पडलेल्या मुलांसाठी मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी केलेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये आदेश दिले. अन्नाच्या हक्कासाठी दाखल झालेल्या याचिकेवर २८ नोव्हेंबर २००१ रोजी शाळांत शिजविलेले अन्न देण्याचा हुकूम झाला, आणि कोरड्या धान्याऐवजी ताटात गरम खिचडी पडू लागली. तथापि मुलाला स्वतःलाही बोलता यावे, हा सहभागाचा हक्क आपल्याकडे सर्वांत उपेक्षित राहिला. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या १०९८ या विनामूल्य दूरध्वनीने त्याला प्रथम वाट करून दिली. रेल्वे फलाटावरचे मूल रात्री दोन वाजता फोन उचलून आपली तक्रार आपल्या तोंडाने सांगू शकते, ही या देशाच्या सामाजिक इतिहासातील लहान घटना नव्हे. आता ही सेवा शासनाच्या यंत्रणेत सामावलेली आहे. कार्यालयीन वेळेच्या आणि हद्दीच्या हिशेबाने तिची तत्परता मंदावणार नाही, यावर नागरिकांनी नजर ठेवली पाहिजे.

देश गरीब आहे म्हणून मुलांचे हक्क थांबले आहेत, हा युक्तिवाद वरील इतिहासापुढे टिकत नाही. कोसबाडच्या कुरणशाळेला आणि गडचिरोलीच्या मण्यांच्या गणकाला खजिना लागला नव्हता. मुलाच्या जागी उभे राहून पाहणारी दृष्टी आणि ठरल्या दिवशी त्याच्या दारात जाणारे पाऊल एवढेच लागले. जेथे ते पाऊल पडले तेथे दरिद्री गावातही मुले जगली, आणि जेथे पडले नाही तेथे कायदा छापील राहिला. वाचकाने स्वतःच्या गावापुरते किंवा वॉर्डापुरते चार प्रश्न विचारावेत: सरपंचाच्या अध्यक्षतेखालील ग्राम बालसंरक्षण समितीची बैठक शेवटची केव्हा झाली, नवजात बाळांच्या घरी आशाताईंच्या भेटी पुऱ्या होतात की केवळ वहीत भरतात, हंगामावर गेलेल्या घरांतील मुलांची यादी कोणापाशी आहे, आणि १०९८ हा क्रमांक शाळेच्या भिंतीवर मुलांच्या उंचीला लिहिलेला आहे काय. ही विचारणा ग्रामसभेत, लेखी आणि दर तिमाहीला व्हावी. कारण ज्याच्यासाठी ती करावयाची, तो दरखास्त घेऊन येणार नाही.